यादीत नुसतं 'एक चाकू' लिहून कसं चालेल?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारी तुमच्या पुरवणीत पावसाळी ट्रेकला काय काय न्यायचं त्याची यादी आली होती, ती मी अख्खी वाचली. बूट कुठले, टॉर्च कुठली, रेनकोट कसा, सगळं दोन-दोन ओळींत नीट समजावलंय आणि मग मधेच एका नंबरला नुसतं 'एक चाकू'. पुढे काही नाही. पातं कसलं, टोक कुठे, किती लांब, काहीच नाही. आता ही यादी वाचून किती पोरं मोबाईलवर चाकू शोधतील आणि समोर जो काळा, टोकदार, सिनेमातल्यासारखा दिसेल तो मागवतील हे मला माहितीये, कारण आमच्या घरात हेच झालंय. म्हणून हे पत्र. जरा लांबलंय, पण जमलं तर छापा.

मी दापोली तालुक्यात राहते आणि गेली सव्वीस वर्षं नर्सरीत आंब्याची कलमं बांधते. म्हणजे सीझनला सकाळी आठ ते संध्याकाळी पाच माझ्या उजव्या हातात चाकूच असतो. कोय कलम ज्यांनी बघितलं नसेल त्यांना सांगते, रायवळ आंब्याची कोय रुजून आठ-दहा दिवसांचं रोप झालं की, पानं अजून तांबूस असतानाच, ते साधारण ८-९ सेंमीवर कापायचं, मधोमध ४-५ सेंमीची उभी चीर द्यायची, हापूसच्या काडीला खालून दोन्ही बाजूंनी तासून पाचर करायची, ती चिरेत बसवायची आणि वरून प्लॅस्टिकची पट्टी घट्ट गुंडाळायची. सालीच्या आत जो पातळ जिवंत थर असतो तो खुंटाचा, म्हणजे खालच्या रायवळ रोपाचा, आणि काडीचा एकमेकांना चिकटला तरच कलम जगतं. आणि तो चिकटायला पाचरीचा काप एकदम सपाट लागतो, आरशासारखा. मधे जरा खोलगट झाला तर तिथे हवा राहते आणि पंधरा दिवसांत काडी काळी पडते.

आता हा काप सपाट कशाने येतो? हाताच्या सवयीने येतोच, पण अर्धं काम पात्याच्या आकाराचं असतं. कलमाच्या चाकूची धार सरळ असते, पट्टीसारखी. तिला पोट नसतं. पोट म्हणजे धार टोकाकडे जाताना जी गोल वर चढते ना, तो भाग. पोट असलेल्या चाकूने काडी तासली की काप वाटीसारखा येतो, कितीही धार असू दे. शिवाय आमच्या चाकूला धार एकाच बाजूने लावलेली असते, दुसरी बाजू सपाट. यातली एक गोष्ट मला कळायला सहा वर्षं लागली. माझी जाऊ डावखुरी, तिची कलमं कायम माझ्यापेक्षा जास्त मरायची आणि सगळे म्हणायचे हिचा हात जड आहे. तिला बिचारीला स्वतःलाही तेच वाटायला लागलं होतं. मग एकदा बाहेरून शिकवायला आलेल्या एका सरांनी तिचा चाकू हातात घेऊन बघितला आणि म्हणाले, अहो हा उजव्या हाताचा चाकू आहे, यांना उलट्या बाजूने धार लावलेला द्या. दिला. त्याच पावसाळ्यात तिची कलमं माझ्या बरोबरीने जगली. सहा वर्षं त्या बाईने बोलणी खाल्ली, पात्याच्या एका बाजूपायी! तेव्हापासून कुणी 'चाकू काय, कुठलाही चालतो' म्हणालं की मला राहवत नाही.

आता घरातली गोष्ट. माझा भाचा पुण्याला नोकरी करतो, त्याला ट्रेकिंगची आवड. त्याने गेल्या वर्षी ऑनलाइन एक घडीचा चाकू मागवला, काळं पातं, पुढे तिरका कापल्यासारखा कोन आणि एकदम अणकुचीदार टोक. त्याला टँटो म्हणतात. मूळ तांतो ही जपानची छोटी तलवारच, कट्यारीसारखी, भोसकायला केलेली, आणि आज मिळतो तो कोनाचा टँटो अमेरिकेतल्या कंपन्यांनी १९८० च्या सुमारास बाजारात आणला. टोकापर्यंत लोखंड जाड ठेवलेलं असतं, म्हणजे जोरात खुपसलं तरी टोक मोडू नये. आता मला सांगा, पुण्यात फ्लॅटमध्ये राहणाऱ्या मुलाला रोज काय खुपसायचं असतं?

मे महिन्यात मी त्याला आंब्याची पेटी पाठवली. नायलॉनच्या दोरीने मीच आवळून बांधलेली. त्याने तो नवा चाकू काढला, टोक दोरीखाली घातलं आणि वर ओढलं. दोरी टोकाकडून निसटली, कारण त्या पात्याला मधेच कोपरा आहे, दोरी तिथे टिकतच नाही, सरकते, आणि हाताचा सगळा जोर मोकळा सुटून टोक डाव्या हाताच्या अंगठ्याखाली मांसल भागात घुसलं. पाच टाके. अंगठा पुरता वळायला दीड महिना लागला. फोनवर तो सांगत होता आणि माझ्या डोळ्यासमोर ती दोरी येत होती जी मी दोन्ही गुडघे लावून आवळली होती.

तेव्हा मला माझ्या भावाचा, म्हणजे या मुलाच्या वडिलांचा चाकू आठवला. भाऊ जहाजावर खलाशी होता, आमच्याकडे कोकणात घरटी एक माणूस बोटीवर असतोच. त्याच्या खिशात एक घडीचा चाकू असायचा, धार सरळ आणि पाठ, म्हणजे धारेसमोरची जाड कड, शेवटी गोल वळून धारेला येऊन मिळायची, म्हणजे टोक असं नाहीच, बोथट नाक. इंग्रजीत त्याला शीप्सफूट म्हणतात, मेंढीच्या खुरासारखा आकार म्हणून. मी लहान असताना विचारलं होतं की याला टोक का नाही, तर म्हणाला, बोट हलते ना गं, वर शिडीवर चढून दोर कापताना चाकू हातातून सुटला तर खाली माणूस असतो, आणि स्वतः धडपडलो तरी पोटात जाऊ नये. दोर कापायला टोक लागतच नाही, धार लागते. पातं दोरावर आडवं ठेवायचं आणि ओढायचं. सरळ धारेवर दोर सरकत नाही, एका जागी धरून राहतो, नि कापला जातो. हाच चाकू भाच्याच्या हातात असता तर नाक दोरीखाली सरकवून एका झटक्यात पेटी उघडली असती, आणि निसटला असता तरी बोथट नाकाने फार तर खरचटलं असतं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच की कंपनी, स्टील, रंग, किंमत हे सगळं नंतर बघा. आधी आठ दिवस लक्ष ठेवा की तुम्ही चाकू कशाला कशाला काढता. मी खरंच सांगते, वहीत लिहा. आमच्याकडे शेतावर लिहिलं तर असं निघेल: खताच्या गोणीची शिलाई, ठिबकची नळी, सुतळी, प्लॅस्टिकची पट्टी, पेरू. शहरात निघेल कुरियरचे खोके, सफरचंद, औषधाचं पाकीट, एखादी वायर सोलायची, पोराची पेन्सिल. यात भोसकायचं काम एकही नाही. टोक लागतं ते फक्त पायात काटा गेला तर नाहीतर पाकिटाला पहिलं भोक पाडायला, आणि तेही जपूनच.

खोके, दोरी, टेप हेच जास्त असेल तर शीप्सफूट घ्या. त्याचाच एक सख्खा भाऊ वॉर्नक्लिफ, त्यातही धार सरळच पण पाठ लांबून हळूहळू उतरत येते त्यामुळे पुढे बारीक टोक राहतं. पेन्सिल तासायला, स्टिकर खरवडायला, बारीक कामाला छान. पण ते टोक धारेच्या रेषेतच असतं आणि पातळ असतं, म्हणून घरात लहान मुलं असतील तर मी शीप्सफूटच सांगेन.

खाण्याचं काम जास्त असेल, म्हणजे फळं, कांदा, काकडी, पावाला बटर, तर थोडं पोट लागतं. पाटावर कांदा कापताना आपण चाकू पुढे मागे डोलवतो ना, सरळ धार तिथे ठक ठक आपटते, पोटाची धार डोलते. याला सगळ्यात चांगला आकार ड्रॉप पॉइंट. यात पाठ पुढे जाता जाता अलगद खाली उतरते आणि टोक पात्याच्या साधारण मधल्या उंचीवर येतं. टोक खाली आल्यामुळे ते कुठे आहे ते हाताला न बघता कळतं, आणि टोकाजवळ लोखंड बऱ्यापैकी जाड असतं म्हणून पटकन तुटत नाही. ट्रेकवाल्यांना एकच चाकू न्यायचा असेल तर माझं मत ड्रॉप पॉइंट, पातं ६ ते ८ सेंमी. ८ सेंमीच्या वर खिशातल्या चाकूला गरजच नाही, सफरचंदाचे दोन भाग करायला सातही पुरतात.

क्लिप पॉइंट म्हणजे पाठीचा पुढचा भाग आतल्या बाजूला खरवडून काढल्यासारखा असतो, टोक वर येतं आणि फार बारीक होतं. दिसायला देखणा. काटा काढायला उत्तम हे मी मान्य करते, पण ते टोक कशाचंही झाकण उचकटायला वापरलं की तुटतं, आणि आपल्याकडे चाकूने झाकण उचकटायचं नाही असं घर मला तरी माहीत नाही. म्हणून घेतला तर कापायलाच वापरा.

आणि एक विळ्यासारखा आत वळलेला, हॉकबिल. आमच्याकडे वायरमनच्या पिशवीत असतो. केबलचं आवरण त्याच्या बाकात बरोबर अडकतं आणि ओढलं की सोललं जातं. छाटणीच्या चाकूलाही हाच बाक. विळा, कोयती हे ज्यांनी हाताळलंय त्यांना हे समजवायला नको, बाकदार पातं वस्तूला आपल्याकडे ओढून घेतं, पळू देत नाही. पण याने टोमॅटो कापून बघा, पाटाला नुसतं टोक लागतं. त्या एका कामासाठी हवा असेल तरच घ्या.

स्विस चाकूबद्दल लोक विचारतात. १८९१ पासून स्वित्झर्लंडच्या सैनिकांना जो घडीचा चाकू मिळायला लागला त्यात काय होतं बघा, एक पातं, भोक पाडायची आरी, डबा उघडायचं हत्यार आणि स्क्रू ड्रायव्हर. डबाबंद जेवण उघडायला आणि बंदूक खोलून साफ करायला. सैन्याचा चाकू, पण लढायला नाही! त्याचं पातं भाल्याच्या पात्यासारखं असतं, टोक मधोमध, थोडं पोट, पातळ पोलाद. फळाला, खोक्याला, सगळ्याला चालतं. त्यातल्या बऱ्याच मॉडेलना पातं उघडं असताना लॉक होत नाही, स्प्रिंगनेच धरून राहतं, त्यामुळे टोकाने दाबू नका, बोटांवर मिटेल.

फ्रान्सच्या साव्वा भागातला ओपिनेल म्हणून एक लाकडी मुठीचा चाकू आहे, १८९० पासून बनतो, शेतकऱ्यांसाठीच सुरू झालेला. त्याला १९५५ पासून पात्याच्या बुडाशी फिरवायची एक लोखंडी रिंग असते, फिरवली की पातं मिटत नाही. भावाने एकदा मला आठ नंबरचा आणून दिला, पातं साडेआठ सेंमी, आणि फार पातळ. पिकलेल्या हापूसची फोड इतकी सुंदर दुसऱ्या कशाने निघत नाही. पण पावसाळ्यात मूठ फुगते आणि उघडत नाही, आणि कार्बन स्टीलचा घेतला असेल तर आंब्याच्या चिकाने काळा पडतो. काळा पडला म्हणून फेकू नका, पुसून खोबरेल लावून ठेवा. बिजागरीत मात्र खोबरेल नको, थंडीत थिजतं, तिथे शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब. कोकणात राहणाऱ्यांनी नाहीतर पावसात हिंडणाऱ्यांनी सरळ स्टेनलेसच घ्यावा. याच कंपनीचा लहान मुलांसाठी गोल टोकाचाही चाकू येतो, मुलाला फळं कापायला शिकवायचं असेल तर त्याच्यासारखं पातं बघा. आमच्याकडे मुलींना सात-आठ वर्षांच्या झाल्या की विळीवर बसवायचे, तिथे पातं जागेवर असतं आणि भाजी आपण हलवतो, त्यामुळे दोन्ही हातांना अंतर कळतं. चाकूत उलटं, पातं फिरतं. म्हणून विळीवर वाढलेल्या बाईलाही चाकू नव्याने शिकावा लागतो, यात लाज नाही.

धारेचं कुणी सांगत नाही म्हणून सांगते. धार लावायला सगळ्यात सोपा शीप्सफूट, कारण सरळ धार दगडावर अख्खी टेकते, २० अंशाच्या आसपास कोन धरायचा आणि दोन्ही बाजूंनी सारख्याच वेळा ओढायची. ड्रॉप पॉइंटला पोटाजवळ आलं की मूठ जरा उचलावी लागते, आठ दिवसांत जमतं. टँटोला दोन धारा, मधे कोपरा, दोन्ही वेगवेगळ्या लावायच्या आणि तो कोपरा गोल होऊ द्यायचा नाही, मला सव्वीस वर्षांनीही भाच्याचा तो चाकू मनासारखा लावता आला नाही. हॉकबिलला सपाट दगड आत पोचतच नाही, गोल कानस नाहीतर सळई लागते. आता जो चाकू घरी धारेला लावता येत नाही तो सहा महिन्यांत बोथट होतो, आणि बोथट चाकूला जोर लावावा लागतो, आणि जोर लावला की तो निसटतो. नर्सरीत जी कापलेली बोटं बघितली त्यातली निम्म्याहून जास्त बोथट चाकूने कापलेली.

कायद्याचंही दोन शब्द, कारण भाच्याच्या मित्राला स्टेशनवर बॅग तपासताना बाजूला घेतलं होतं. शस्त्र नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याला शस्त्र धरतात, घरकामाची नि शेतीची अवजारं त्यातून वगळलेली आहेत. पण निवडणूक, सणवार असं काही असलं की महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली मनाई आदेश निघतो, तेव्हा छोटा चाकूही अडचणीत आणू शकतो, म्हणून शहरात विनाकारण खिशात ठेवून फिरू नका. विमानात जवळच्या बॅगेत तर नाहीच, चेक-इनमध्ये टाका. आणि तपासणाऱ्या माणसासमोर बोथट नाकाचा लाकडी मुठीचा चाकू ठेवला आणि काळा कट्यारीसारखा ठेवला तर तो कुठल्याकडे कसा बघेल हे तुम्हीच ठरवा.

ऑनलाइन विकणाऱ्यांवर माझा राग आहे. पात्याचं स्टील सांगतात, वजन सांगतात, जंगलातला फोटो टाकतात, पण हे पातं कोणत्या कामाचं ते एका ओळीत लिहीत नाहीत. भाच्याने मागवला तिथे खाली 'रोजच्या वापरासाठी' असं लिहिलं होतं. कोणाच्या रोजच्या?

तुम्हाला विनंती आहे की पुढच्या वेळी यादी छापाल तेव्हा चाकूसमोर कंसात निदान 'ड्रॉप पॉइंट किंवा शीप्सफूट, पातं ८ सेंमीपर्यंत, स्टेनलेस' एवढं घाला, फार जागा जात नाही. आणि शेजारी चित्र देता आलं तर फारच बरं, कारण नावं लोकांना लक्षात राहत नाहीत, आकार राहतो. तुमच्या चित्रकाराला नमुने हवे असतील तर माझ्याकडे पाच आहेत, कलमाचा, भावाचा बोटीवरचा, ओपिनेल, वायरमनकडून घेतलेला बाकदार, आणि भाच्याचा टँटो जो त्याने आता मलाच देऊन टाकलाय. पाचही आलेखाच्या कागदावर ठेवून पेन्सिलने आखून, धार कुठून कुठपर्यंत ते लाल रेघेने दाखवून पोस्टाने पाठवते. पत्ता कळवा.

आपली वाचक,
एक कलमवाली, दापोली तालुका, जि. रत्नागिरी